‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता गोळ्या बंद करू?’

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर रक्तातल्या ट्यूमर डीएनएची (कर्करोगाच्या पेशींनी रक्तात सोडलेल्या डीएनएच्या तुकड्यांची) तपासणी करावी का, याबद्दल एकाच गोंधळाची पत्रं पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : रक्तात हा डीएनए येतो कुठून?
उत्तर : मरणाऱ्या पेशींतून. काही तासांत तो नाहीसाही होतो.

प्रश्न : रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं?
उत्तर : साधारणपणे नाही. लॅबला विचारा.

प्रश्न : ऑपरेशनला आठवडा झाला. लगेच तपासणी करून घेऊ?
उत्तर : नको. जखम भरत असताना निरोगी पेशींचाच डीएनए रक्तात वाढलेला असतो आणि ट्यूमरचा अंश त्यात हरवतो. किती आठवडे थांबायचं, ते ऑन्कोलॉजिस्टना विचारा.

प्रश्न : रिपोर्ट निगेटिव्ह आहे. टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीचा त्रास होतो. मैत्रीण म्हणते, आता सोडून दे.
उत्तर : मैत्रिणीला हे उत्तर वाचायला द्या. निगेटिव्ह म्हणजे त्या दिवशीच्या, त्या नळीतल्या रक्तात डीएनए सापडला नाही, एवढंच. शरीरात कर्करोग उरला नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षं सुस्त पडून राहू शकतात. त्या मरत नाहीत, म्हणून रक्तात फारसं काही सोडतही नाहीत. मेंदूत गेलेला आजारही रक्तात अनेकदा दिसत नाही. त्या सुस्त पेशींसाठीच तर ही गोळी पाच-दहा वर्षं द्यायची असते! या रिपोर्टवरून ती थांबवणं सुरक्षित आहे, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. त्रास होतो ना? मग तो डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं, त्रासावर उपायही असतात. गुपचूप गोळी सोडून निगेटिव्ह रिपोर्ट उशाशी ठेवणाऱ्या बायकांची मला खरी काळजी वाटते. आणि काखेत नवी गाठ लागली, तर रिपोर्टकडे न बघता त्याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : पॉझिटिव्ह आला तर लवकर उपचार करून जीव वाचतो, असं जाहिरातीत आहे.
उत्तर : जाहिरातीला ‘लवकर’ हा शब्द फार आवडतो. स्कॅनच्या काही महिने आधी इशारा मिळू शकतो, हे खरं. पण त्या इशाऱ्यावरून उपचार बदलल्याने आयुष्य वाढतं, हे सिद्ध व्हायचं आहे. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनविरोधी गोळ्या ज्यावर चालत नाहीत अशा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या ‘सी-ट्रॅक टीएन’ या वैद्यकीय चाचणीत, रक्तात डीएनए सापडल्यावर ज्यांना औषध द्यायचं ठरलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकींचा आजार स्कॅनमध्ये आधीच पसरलेला दिसला. शिवाय वयानुसार रक्तपेशींच्या डीएनएतच होणारे बदल काही चाचण्यांना फसवतात. तुमच्याच गाठीच्या तुकड्यावरून बेतलेल्या चाचणीत हा धोका कमी असतो; पॅकेज घेण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे, ते विचारा. पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र दडवू नका, ऑन्कोलॉजिस्टना लगेच दाखवा.

प्रश्न : मग मॅमोग्राफी बंद?
उत्तर : मुळीच नाही.