कोल्हापुरातल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत वर्षभर कोणते कार्यक्रम असतात? पालकांनी त्यात कितपत पडावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी जूनपासून पहिलीत कॅथलिक शाळेत जाणार, घरात कुणी ख्रिश्चन नाही, तर वर्षभर तिथं काय काय असतं आणि दरवेळी आईवडिलांनी जायलाच पाहिजे का. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, "फी भरतो तेवढं पुरत नाही का?" मी लिहायला बसलो तो त्या एका ओळीमुळं. हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला सात वर्षं ऐकवतोय.

नाही पुरत.

आता कार्यक्रमांचं सांगतो. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि लगेच 26 जूनला शाहू जयंती. ती कोल्हापुरात कुठल्याही शाळेला चुकत नाही, सिस्टरांच्या (कॅथलिक साध्वींच्या) शाळेलाही नाही. 15 ऑगस्टला झेंडावंदन असतंच, पण त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो, म्हणून कॅथलिक कुटुंबं चर्चलाही जातात. सकाळी ती मंडळी गडबडीत दिसली तर गैरसमज करून घेऊ नका. 5 सप्टेंबर शिक्षक दिन, आणि मदर तेरेसा 1997 साली गेल्या तो दिवसही तोच. 8 सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस, त्या दिवशी पोरांना फुलं आणायला सांगतात. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेचा महिना. मग सहामाही, दिवाळीची सुट्टी, 14 नोव्हेंबरचा बालदिन. 3 डिसेंबर संत फ्रान्सिस झेवियर यांचा. त्यांचं शव जुन्या गोव्याला बॉम जेझू बॅसिलिकात आहे, तेव्हा त्या आठवड्यात एखादी टीचर गोव्याला गेलेली असली तर नवल नाही. डिसेंबर-जानेवारीत खेळ आणि गॅदरिंग. पुढं राखेचा बुधवार, तिथनं ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. त्या चाळीस दिवसांत वर्गात एक डबा ठेवतात, पोरं खाऊचे पैसे त्यात टाकतात आणि ते गरजूंना जातात. ईस्टर बहुतेक वेळा परीक्षेच्या धामधुमीत येतो, तो पोरांना फारसा कळत नाही. 'फर्स्ट कम्युनियन' नावाचा मोठा कार्यक्रम असतो, त्यात मुलं चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घेतात, तो फक्त कॅथलिक मुलांचा. बोलावलं तर जा, केक खा, पण तुमच्या मुलीला त्यात का घेतलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आणि नाताळ. आता इथं मला थांबावं लागणार.

2018 साल. माझी पोरगी दुसरीत. नोव्हेंबरच्या शेवटी डायरीत चिठ्ठी आली, "गोठ्याच्या सजावटीसाठी मदत करू शकणाऱ्या पालकांनी शनिवारी दुपारी यावे." गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. आमचं उद्यमनगरात लेथचं शॉप आहे, दादाचं नि माझं. मी शिवाय पेठेतल्या मंडळाचा जुना कार्यकर्ता. गणपतीच्या तांत्रिक देखाव्यात हलणारी चित्रं करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. गाडीची वायपर मोटर आणि बारा व्होल्टची बॅटरी मिळाली की मी भीमाची गदासुद्धा फिरवून दाखवतो. म्हटलं, आपल्या हातचं काम आहे, जाऊ या.

गेलो तर आम्ही चारच पालक. साडेतीनशे पोरांची शाळा आणि चार पालक. त्यातले दोघं धरून आणलेले. दरवर्षी शिपाई मामा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा करायचे. त्या वर्षी मामांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. मी सिस्टरांना म्हटलं, तारा मी करतो, मोटर लावून गरागरा फिरवतो, सगळं कोल्हापूर बघायला येईल.

सिस्टर सत्तरीच्या. केरळच्या, पण मराठी आपल्यासारखं. त्या म्हणाल्या, "फिरणारा नको. तो तारा फिरत नव्हता. तो पुढं पुढं चालत गेला आणि बाळ होतं त्या जागेवर थांबला. थांबला हे महत्त्वाचं." बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात तसंच आहे म्हणे, पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांच्या पुढं तारा चालत होता. मग त्यांनी मला अर्धा तास गोठा समजावला. गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते, बाळ नंतर ठेवायचं. तीन राजे, म्हणजे तेच ज्ञानी, खरं तर 6 जानेवारीला पोचतात, म्हणून काही घरांत त्यांच्या मूर्ती लांब ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या पुढं सरकवतात. शाळेला सुट्टी आधीच लागते, म्हणून शाळेत सगळं एकाच संध्याकाळी उरकतात. मी पंधरा वर्षं देखावे केले, पण कुठली गोष्ट हलायला पाहिजे आणि कुठली थांबायला पाहिजे याचा असा विचार मला कुणी करायला लावला नव्हता.

घरी येऊन कामाला लागलो. सहा एमएमच्या सळईचा सांगाडा, वर पातळ पत्रा, आत एलईडीची पट्टी. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपासून स्टेजवरच्या गोठ्यापर्यंत चाळीस फूट वायर रोप. नायलॉनच्या पुल्या लेथवर मीच काढल्या. वायपर मोटर भंगारातून आणली. शेवटी लिमिट स्विच, म्हणजे तारा गोठ्यावर आला की मोटर बंद. आठ रात्री लागल्या.

तिथं दादाचं सुरू झालं. "वर्षाला एवढी फी मोजतोयस, वर हमाली कशाला? दुकानातनं साखर घेतली म्हणून कुणी दुकान झाडून देतं का?" आणि मग, "आपल्या मंडळाचा मांडव घालताना तुला वेळ नसतो, तिथं त्यांच्या देवाला तारा करायला आहे." दुसरं वाक्य मला लागलं, कारण मंडळाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण भांडण खरं पहिल्या वाक्याचं होतं आणि आहे. शाळा म्हणजे दुकान का? ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडली, त्यात ख्रिश्चन मुलांचंही होतं, त्या गावात राहून शाळेला दुकान म्हणायचं? हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो.

कार्यक्रम 20 डिसेंबरला, गुरुवारी. मार्गशीर्षातला गुरुवार, आईचा महालक्ष्मीचा उपवास. तरी ती आली, म्हणाली, पूजा करून येते, सोडायचं ते घरी जाऊन सोडीन. पोरगी मेंढरू झालेली. पांढऱ्या बनियनवर कापूस चिकटवलेला, तो आईनंच रात्री चिकटवला होता. दादा आला तो फक्त आईला गाडीवरनं आणायचं म्हणून. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला.

स्टेजवर डाव्या बाजूला बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचा महाल, उजवीकडं गोठा. गाणं सुरू झालं, गॅलरीतनं तारा निघाला. निम्म्यापर्यंत सुरेख आला. मग वायर टेकलेला बांबू ताणानं आत कलला, वायर ढिली पडली, पुली जागच्या जागी घसरायला लागली आणि तारा थांबला तो बरोबर हेरोदाच्या डोक्यावर. तिन्ही राजे गोठ्याजवळ उभे, वर बघतायत. पोरं ओरडायला लागली, "अजून पुढं! अजून पुढं!" मी गॅलरीत, मोटरपाशी. तिथनं खाली येईपर्यंत गाणं संपलं असतं.

बघतो तर मागच्या रांगेतनं दादा उठलेला. कुणाला न विचारता स्टेजच्या कडेनं गेला, एका हातानं बांबू मागं रेटला, दुसऱ्या हातानं वायर ताणायचा टर्नबकल आवळला, चार-पाच फेरे. वायर ताठ झाली. तारा हलला, चालत गोठ्यावर आला आणि थांबला. दादा परत जागेवर जाऊन बसला, हाताची घडी घालून.

घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. जेवायला बसल्यावर म्हणाला, "बांबू कशाला घेतलास? पाइप घ्यायचा." दुसऱ्या दिवशी पोरीला सोडायला गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, तारा हेरोदाकडं थांबला त्यात वावगं काही नाही, ते ज्ञानी लोक आधी हेरोदाकडंच गेले होते.

तेव्हा ताई, कार्यक्रमाला जा. नुसतं मोबाइल वर धरून शूटिंग करायला नको, दोन तास आधी जा आणि विचारा, काय करू. खुर्च्या मांडा, कापूस चिकटवा. शिवणकाम येत असेल तर सांगा. ड्रेपरीवाल्याकडनं भाड्यानं आणलेले कपडे मला मुळीच पसंत नाहीत. एक तर ते धुतलेले नसतात, आणि घरी शिवलेल्या झग्यात पोर जेवढं ताठ उभं राहतं तेवढं त्यात राहत नाही. हल्ली काही शाळांत पालकच मागणी करतात की गॅदरिंग बाहेरच्या इव्हेंटवाल्याला द्या, डोक्यामागं हजार-दीड हजार काढू. दादाच्या मुलाच्या शाळेत तसंच आहे. लाइटं झकास, आवाज झकास, आणि शेजारी बसलेल्या बापाचं नाव कुणाला माहीत नसतं. त्यात ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याचं पोर त्या दिवशी 'आजारी' पडतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नाव माहीत असण्याचा उपयोग काय ते 2019 च्या ऑगस्टात कळलं. पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्या चार पालकांतल्या एकाच्या घरात पाणी आलं. त्याची दोन्ही पोरं आठ दिवस आमच्याकडं राहिली. आईनं आणि गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापल्या, आम्ही त्या वाटल्या. कुणाला विचारायचं, कुणाकडं गाडी आहे, कुणाकडं गॅस शिल्लक आहे, सगळं त्या गोठ्याच्या कामातनं ठाऊक झालेलं. दादाही दोन दिवस टेम्पो घेऊन फिरला, हे सांगायला पाहिजे.

पालक संघाचं एक सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणं खासगी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक हे पालक-शिक्षक संघाचे सभासद असतातच. कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. म्हणजे "ओळखीचेच लोक घेतात" म्हणून घरी बसू नका. जूनमध्ये नाव द्या. चिठ्ठी निघाली तर बैठकीत बोला, नाही निघाली तरी गोठ्याच्या कामाला यायला कुठलीच चिठ्ठी लागत नाही.

प्रार्थनेचं तुम्ही मोघम विचारलंय, पण तुमच्या मनात तेच आहे असं वाटतं. सकाळी प्रार्थना असते. आमची पोरगी पहिलीतच 'अवर फादर' ही त्यांची प्रार्थना म्हणत घरात फिरायची. आई म्हणाली, देवाचंच म्हणतीया न्हवं, म्हणू दे. पण तुम्हाला नको असेल तर राज्यघटनेचं कलम 28(3) तुमच्या बाजूनं आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मुख्याध्यापकांना तसं लिहून द्या, भांडायची गरज नाही. आमच्याकडं धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांचा वेगळा असायचा, आणि ती पोरं वर्गात तीन. बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण. आणखी एक, आपल्याकडं ख्रिश्चन म्हटलं की लोकांना वायल्डर चर्च आठवतं. ते 1852 मध्ये इथं आलेल्या अमेरिकन मिशनचं, प्रोटेस्टंट. सिस्टर, फादर, रोझरी हे सगळं कॅथलिकांचं. शाळेत गेल्यावर दोन्हीची गल्लत करू नका, त्यांना ते जाणवतं.

मी सांगितलं ते एका शाळेचं, आणि तेही थोडं जुनं. जेझुइट फादरांची शाळा असेल तर 31 जुलैला संत इग्नाशियसचा दिवस मोठा असतो, सिस्टरांच्या शाळेत त्यांच्या संघाच्या संस्थापिकेचा. तारखा जूनच्या डायरीत छापलेल्या असतात, त्या आधी बघा. दोघंही नोकरीला असाल तर सगळीकडं जाणं जमणार नाही, हे मला कळतं, माझं शॉप घरचं होतं म्हणून जमलं. वर्षात एकच निवडायचं असेल तर नाताळ निवडा. आणि सासरी कुणी "फी भरतो की" म्हणणारं असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला नुसतं एकदा घेऊन या.

पोरगी चौथी पास होऊन हायस्कूलला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तारा अजून शाळेच्या स्टोअरमध्ये आहे. नोव्हेंबर संपत आला की मामांचा फोन येतो, मी ग्रीस घेऊन जातो. गेल्या वर्षी तो बांबू काढून दीड इंची पाइप उभा केला. पाइप दादानं कापून दिला. लांबी किती ते विचारलं, कशाला पाहिजे ते विचारलं नाही.