पेरी म्हणजे परेराच का?

प्रश्न : आमच्या शेजारच्या परेरांचा मुलगा इंग्लंडला स्विंडनमध्ये असतो. तिथले पेरी आडनावाचे लोक मूळचे परेराच, असे तो सांगतो. हे खरे मानावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अर्थ जुळतो, तेवढ्यावरून घराणे एक ठरत नाही. पोर्तुगीज ‘परेरा’ म्हणजे नाशपातीचे झाड. जुन्या इंग्रजीत त्याच झाडाला ‘पिरिगे’ म्हणत. दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिन. झाडापाशी राहणाऱ्याला ‘ॲट पिरी’ म्हणत, आपण ‘वडाकडचा नारायण’ म्हणतो तसे. पुढे ‘ॲट’ गळले आणि ‘पेरी’ उरले.

पण सगळेच पेरी झाडाचे नव्हेत. वेल्समध्ये ‘अॅप’ म्हणजे ‘चा मुलगा’. ‘अॅप हॅरी’चे ‘पॅरी’ झाले, जसे ‘अॅप हॉवेल’चे पॉवेल आणि ‘अॅप रिस’चे प्राइस. वेल्सच्या सीमेलगत काही पॅरींचे लेखनात पेरी झाले. तिसरा झरा अमेरिकेतला. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्या कितीतरी परेरांनी पेरी हे नाव घेतले. तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचे म्हणणे या परेरांच्या बाबतीत खरे आहे.

एखाद्या इंग्लिश पेरीचे मूळ शोधायचे तर आजपासून मागे जावे. 1837 पासूनच्या सरकारी विवाह-दाखल्यात वराच्या आणि वधूच्या वडिलांचे नाव व धंदा मिळतो. 1851 च्या जनगणनेत जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, असतो. 1841 च्या जनगणनेत फक्त राहत्या परगण्यातच जन्म झाला की नाही एवढेच कळते, म्हणून तिथे अडू नये. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या, 1538 पासून सुरू झालेल्या, पण सगळीकडे टिकलेल्या नाहीत. पिरी, पुरी, पॅरी ही रूपेही तपासावीत. कारकून कानाला पडेल तसे लिहीत, आणि एकच रूप धरून बसल्याने शोध इथेच खुंटतो. वेल्सजवळचा जन्म असेल तर हॅरीकडे वळा, अझोर्सचा असेल तर परेराकडे.

गोव्यात आणखी सांभाळून राहावे लागते. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाल्यामुळे एका गावातले दोन परेरा भाऊबंद असतीलच असे नाही. नोंदवहीत आडनावाइतकेच गाव, वाडा आणि आजोबांचे नाव पाहावे. ‘पेरिस’ हे आडनाव तर अगदीच वेगळे. त्याचा अर्थ पेरोचा, म्हणजे पीटरचा मुलगा. 1835 साली गोव्याचा कारभार हाती आलेले बेर्नार्दो पेरिस द सिल्वा यांना परेरांत धरू नये.