नार्कोससारख्या मालिकांतला तपास खरा असतो का? पुढं काय बघावं?

'नार्कोस' संपवल्यावर तुम्हाला प्रश्न पडलाय की ड्रग माफियांच्या मागावरचे अधिकारी खरंच असे असतात का, आणि आता काय बघू. मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. त्या हिशेबानं वाचा.

छतावरची पळापळ खोटी नाही. मालिकेतला कोलंबियाचा ड्रग माफिया पाब्लो एस्कोबार २ डिसेंबर १९९३ ला तिथल्या मेडेयीन शहरात घराच्या छतावरच मारला गेला. पण सापडला कशामुळं? मुलाशी फोनवर लांबण लावली म्हणून. रेडिओ लहरींचा माग काढत कोलंबियाच्या पोलिसांचं पथक घरापर्यंत पोचलं. मालिकेत ही गोष्ट सांगतो मात्र अमेरिकन अधिकारी!

मला खटकतं ते वेगळंच. या मालिका धाड पडली की थांबतात. आमचं काम तिथनं सुरू होतं. २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एमडीचा (मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा) कारखाना पकडला. ज्या गावाला आम्ही सर्पशाळेमुळं ओळखायचो, ते गाव! अशा खटल्यात एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की १० ते २० वर्षं शिक्षा, आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ३७ मुळं जामीन मिळता मिळत नाही. शिक्षा एवढी कडक, म्हणून कोर्ट कागदही तेवढाच बारकाईनं बघतं. खबर आधी लिहून घेतली का? अंगझडतीपूर्वी 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे' हे आरोपीला सांगितलं का? (हे अंगझडतीपुरतं. पिशवीत माल सापडला तर हा मुद्दा चालत नाही.) मुद्देमालाचं सील आणि प्रयोगशाळेत पोचलेलं सील एकच का? उलटतपासात पंच एकदा बोलून गेला की 'सही ठाण्यात बसून केली', की सरकारी वकिलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि तो अंधाऱ्या खोलीतला कबुलीजबाब? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर एनसीबीच्या (केंद्राच्या अमली पदार्थविरोधी संस्थेच्या) अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुलीसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. पडद्यावर मात्र निम्मी केस तिथंच सुटते.

म्हणून पुढं काय बघावं याला माझं उत्तर 'द वायर' ही मालिका. २००२ ते २००८, बाल्टिमोर शहर. लिहिणारा डेव्हिड सायमन तिथलाच माजी गुन्हे वार्ताहर, जोडीला माजी डिटेक्टिव्ह एड बर्न्स. पोलीस सार्वजनिक फोन टॅप करतात, पण संशयित स्वतः फोनवर बोलतोय हे कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकायची परवानगी नाही. मग बसा गच्चीवर दुर्बीण घेऊन. माल विकणारी पोरं पेजरवर नंबर पाठवतात ते सांकेतिक: बटणांवर मधल्या पाचावरून पलीकडं उडी, एकाचा नऊ, दोनाचा आठ. नाद खुळा डोकं! हे कोडं सोडवतो तो एका पोराला पिस्तुलानं मारल्याच्या लफड्यामुळं टेबलावर बसवलेला पोलीस. वरचे साहेब मात्र 'टेबलावर माल मांडून फोटो कधी काढायचा' एवढंच विचारत असतात. ते बघताना आपल्याकडच्या पत्रकार परिषदा आठवल्या तर मला दोष देऊ नका.

पहिले तीन-चार भाग रेंगाळतात, तेवढे सोसा. आणि 'नार्कोस' मित्रांना सुचवणार असाल तर मूळ स्पॅनिश आवाजातच बघायला सांगा. एस्कोबार झालेला वॅग्नर मौरा ब्राझीलचा, या भूमिकेसाठी स्पॅनिश शिकला. त्याच्या उच्चारांवर कोलंबियातले लोक कुरकुरले. मुंबईचा नट मालिकेत ओढूनताणून कोल्हापुरी बोलला की आपलं होतं तसंच.