सगळेच 'हो' म्हणू लागले तर?

प्रश्न : आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांचा ऑनलाइन समूह आहे. मूठभर होतो तेव्हा कडाकडा भांडायचो. आता सभासद हजारावर गेलेत आणि सगळे एकाच सुरात बोलतात. वेगळं म्हणणारे गप्प झाले, काही तर निघूनच गेले. नियम कडक करू का?

उत्तर : नियमांना तूर्त हात लावू नका, आधी बोलण्याचा क्रम बघा. कुणी तुळईच्या तिरक्या भेगेचा फोटो टाकतं. दोन मिनिटांत एखादे ज्येष्ठ 'शिअर क्रॅक, जॅकेटिंग करा' (कातरबलानं पडलेली भेग आहे, तुळईभोवती मजबुतीचं आवरण चढवा) म्हणून मोकळे होतात आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. त्यानंतर 'आधी पाया खचलाय का बघू' म्हणायला कोणता नवखा धजावेल? (ज्येष्ठांचं बरोबर असेलही, तो मुद्दा नाही.)

1950च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी रेषांच्या लांबीचे प्रयोग केले : कोणती रेषा दाखवलेल्या रेषेएवढी आहे, हे गटात एकेकानं सांगायचं. गटातले बाकीचे आधी ठरवून मुद्दाम चुकीचं सांगत, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे वाहवले. मात्र एक जण जरी खरं बोलला, तरी हे वाहवणं झपाट्यानं घटलं. तुम्हाला तो एक जण टिकवायचाय.

अवघड प्रश्नांवर पहिला दिवस उत्तरं फक्त संचालकाकडे येऊ द्या, मग नावं न लावता एकदम खुली करा आणि पुन्हा मत विचारा. डेल्फी पद्धत ती हीच. मात्र निनावीपणा तांत्रिक मतापुरताच. चिखलफेकीला तो दिलात तर समूह महिन्यात संपेल.

आणि निघून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा. का गेलात, एवढंच विचारा. परत या म्हणू नका.