अंटार्क्टिकाला समर टीममध्ये जाऊ का? मी गेलोय, म्हणून सांगतो

तू लिहिलंयस की डिप्लोमा झालाय, भोसरीत डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) मेंटेनन्सला आहेस, मैत्री या अंटार्क्टिकातल्या भारतीय संशोधन स्टेशनच्या समर टीमसाठी मेकॅनिकची जाहिरात बघितलीस आणि आई नको म्हणतेय. मी व्हेइकल मेकॅनिक म्हणून मैत्रीला दोन समर काढलेत.

थंडीचं टेन्शन घेऊ नकोस. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, तापमान शून्याच्या आसपास असतं, दुपारी कधी वरही जातं, कारण स्टेशन शिरमाकर ओअ‍ॅसिसच्या उघड्या खडकावर आहे. त्रास देतो तो वारा. दक्षिणेच्या बर्फाच्या पठारावरची थंड जड हवा उतारावरून खाली येते आणि तू पिस्टनबुलीच्या (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीच्या) खाली आडवा पडून नट खोलत असतोस, जाड ग्लोव्ह्जमध्ये नट धरता येत नाही आणि पातळ घातले की थोड्या वेळात बोटं कळेनाशी होतात. मग आत जायचं, हात शेकायचे, परत यायचं. इथला अर्ध्या तासाचा जॉब तिथे दोन तास धरायचा. आणि ऑइल सांडायचं नाही म्हणजे नाही. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमुळे, म्हणजे अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, कचरा, जुनं ऑइल सगळं ड्रममध्ये भरून जहाजाने परत येतं, शिवाय आपण पाणी पितो ते शेजारच्या प्रियदर्शिनी तलावाचं, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस ट्रे ठेवल्याशिवाय ड्रेन प्लगला हातच लावत नाही.

सूर्य मावळत नाही. पहिले आठ दिवस मला झोप नव्हती, नंतर खिडकीला काळं कापड लावलं. कामही भरपूर, कारण जहाज आलं की वर्षभराचं डिझेल आणि रेशन थोड्या आठवड्यांत उतरवून बर्फाच्या कडेपासून स्टेशनपर्यंत ओढायचं असतं. भांडी घासायची पाळी सगळ्यांना, सायंटिस्टलासुद्धा. मला हे फार आवडलं.

आता आईचं. तिची भीती खोटी नाहीये रे. माझ्या दुसऱ्या समरला सासरे गेले. बातमी मला त्याच दिवशी कळली, पण निघणार कसा? विमान केपटाऊनहून येतं, तेही हवामान असेल तेव्हा, आणि पुढचं फ्लाइट नऊ दिवसांनी होतं. वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकलं तेव्हा मी जनरेटर रूममध्ये फिल्टर बदलत होतो. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही, पण ते आमच्यात अजून आहे. म्हणून जाण्याआधी घरी बसून स्पष्ट बोल, आजारपण आलं तर हॉस्पिटलला कोण धावेल, पैसे कोणाच्या सहीने निघतील, आणि 'मी येऊ शकणार नाही' हे तुझ्या तोंडून आईला ऐकू दे. हे बोलणं झालं नाही तर जाऊ नकोस, पगार कितीही असो.

जाहिरात एनसीपीओआरच्या, म्हणजे या मोहिमा पाठवणाऱ्या गोव्याच्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवरचीच धर, एजंटला एक रुपया देऊ नकोस. दात आधीच दाखवून घे, मेडिकलला आणि तिथे दोन्हीकडे दातच नडतात. आणि पहिल्या वेळी समरच घे, विंटरचं वर्षभर नंतर बघ.

आईंना माझ्या बायकोशी बोलायचं असेल तर मेसेज कर, आम्ही सिंहगड रोडला राहतो. रविवारी दोघं घरीच या.