क्रियापदाकडे कान असू दे

प्रिय स्नेही,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. समुपदेशनाचे काम सुरू करून तुला जेमतेम तीन महिने झाले आहेत, आणि एवढ्यात एका विद्यार्थ्याने तुझ्यासमोर बसून "मला माझ्याबद्दल काहीतरी सांगायचे आहे, पण त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही" असे म्हटले. त्यानंतर तू माझ्याकडे सगळ्या संज्ञांची यादी मागितली आहेस. यादी मी देईनच. पण तुझ्या पत्रातल्या घाईने मला काळजी वाटली, म्हणून आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी मराठी शिकवत असे. सुट्टीच्या दिवसावरच्या एका निबंधात, हजेरीपटावर मुलगा म्हणून नोंद असलेल्या एका विद्यार्थ्याने "मी उशिरा उठले, बराच वेळ खिडकीत बसले, संध्याकाळी एकटीच फिरायला गेले" असे लिहिले होते. मी लाल शाईने एकेक शब्द दुरुस्त केला: उठलो, बसलो, एकटाच, गेलो. वर समासात "लिंगाकडे लक्ष द्यावे" असा शेराही मारला. पुढच्या निबंधात तशी एकही चूक नव्हती आणि वर्ष संपेपर्यंत त्या वहीत मला पुन्हा तसे काही दिसले नाही. आपल्या भाषेत नुसते "मी" म्हणून थांबता येत नाही. गेलो की गेले, हे पुढच्याच शब्दात सांगावे लागते. त्या वहीत कोणीतरी कदाचित आयुष्यात प्रथमच ते सांगून पाहिले होते, आणि मी व्याकरणाची चूक समजून ते खोडले. आजही कोणाचे बोलणे ऐकताना माझा कान आधी क्रियापदाकडे जातो, तो त्या वहीमुळे.

आता संज्ञांकडे वळते. जन्माच्या वेळी शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद होते, ती एक गोष्ट. आपण आतून स्वतःला पुरुष, स्त्री, दोन्ही किंवा यांपैकी काहीच नाही असे जाणतो, ती लिंगभावाची ओळख. ही ओळख जन्माच्या नोंदीशी जुळत नसेल तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. आणि मनाची व शरीराची ओढ कोणाकडे आहे, तो लैंगिक कल. या तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, त्यामुळे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही: पारलिंगी स्त्रीला पुरुष आवडू शकतात, स्त्रिया आवडू शकतात, दोघेही आवडू शकतात किंवा लैंगिक ओढ अजिबात नसू शकते. बायकी चालणारा मुलगा समलिंगीच असणार, हा समज याच गोंधळातून येतो. ज्यांच्या शरीराची जन्मजात रचनाच स्त्री किंवा पुरुष या ठरीव वर्णनात बसत नाही, ते आंतरलिंगी. तो प्रश्न शरीराचा आहे, कलाचा नव्हे. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. जीवशास्त्राच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असते, आणि स्त्री व पुरुष दोघांकडेही ओढ असलेल्या माणसालाही आपण उभयलिंगीच म्हणतो. हा शब्द ऐकून पालकांच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते, तेव्हा त्याचा अर्थ तिथल्या तिथे स्पष्ट करत जा.

हा आजार आहे का, असे तुला विचारले जाईल, आणि तेव्हा तुझ्या उत्तरात चाचरणे नको. १९५७ मध्ये इव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल, कोणाचा कोणता हे न सांगता, नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण समलिंगी आहे हे त्या तज्ज्ञांना ओळखता आले नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तसाच निर्णय घेतला. पारलिंगी व्यक्तींना याहून फार अधिक काळ वाट पाहावी लागली: २०१९ मध्ये स्वीकारलेले आणि २०२२ पासून लागू झालेले जागतिक आरोग्य संघटनेचेच रोगांचे अकरावे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्यांची स्थिती मानसिक विकारांत धरत नाही, ती लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, कारण ज्यांना वैद्यकीय मदत हवी आहे त्यांची वाट बंद होऊ नये. म्हणून "बरे करून देतो" म्हणणाऱ्या कोणाकडेही कोणाला पाठवू नकोस. अशा उपचारांनी कल बदलत नाही. माणूस मात्र खचतो, आणि हे नुकसान मी जवळून पाहिले आहे.

पालकांचा दुसरा प्रश्न असतो, "हे कशामुळे झाले?" २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात समलिंगी वर्तन ठरवणारे एकच एक जनुक सापडले नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला आणि त्यावरून एखाद्या व्यक्तीबद्दल भाकीत करता येत नाही हेही दिसले. हे तू त्यांना जरूर सांग, पण विचारणाऱ्या आईच्या मनात बहुधा "माझे काय चुकले?" हाच प्रश्न असतो. तिला आधी त्याचे उत्तर दे: काहीही चुकलेले नाही.

तुझ्यावर विश्वास ठेवून कोणी काही सांगितले, तर ती गोष्ट सहकाऱ्यांना, वर्गशिक्षकांना, घरच्यांना सांगायची की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवायचे आहे. चांगल्या हेतूनेही तू ती पुढे नेऊ नकोस. एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात गेलेल्या गोष्टीने मुलांचे घर सुटलेले आहे. जिवाला धोका दिसला तर मदत आणावीच लागते, पण तेव्हाही कोणाला काय सांगणार हे आधी त्या व्यक्तीला सांग, आणि जितके लागेल तितकेच सांग. शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल आपणहून विचारू नकोस. "अजून ठरलेले नाही" हे उत्तरही पूर्ण उत्तर समज.

सर्वांना सामावून घेण्याबद्दल तू भाषणे आणि भित्तिपत्रकांची योजना लिहिली आहेस. ती जरूर कर, पण आधी तुझ्या खोलीबाहेर ठेवलेला नोंदणीचा अर्ज पाहा. त्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच चौकोन असतील, तर आत येण्यापूर्वीच कोणाचे तरी पेन त्या ओळीवर अडते. ती माहिती खरोखर लागते का, ते तपास. लागत नसेल तर ओळ काढून टाक, लागत असेल तर मोकळी जागा सोड. "तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?" ही एक ओळ तिथे असावी.

आणखी एक गोष्ट. तुझ्या चार पानांच्या पत्रात त्या विद्यार्थ्याचा उल्लेख तू सर्वत्र "तो" असा केला आहेस, आणि वर मीही तुझ्यामागून "विद्यार्थ्याने" असेच लिहिले. तसे त्याने सांगितले आहे, की हजेरीपटावर तसे आहे म्हणून? पुढच्या भेटीत, दार लावून घेतल्यावर, "तुझ्याशी आणि तुझ्याबद्दल मी कसे बोलू?" एवढेच विचार. लगेच उत्तर आले नाही तर दुसरा विषय काढ आणि त्यापुढच्या भेटीची वेळ देऊन ठेव.

तुझी,
ताई