मानेतल्या गाठी विरतात, तेव्हा पेशी जातात कुठे?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला घसा धरून ताप आला, तेव्हा जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागत होत्या. ताप उतरल्यावर त्या हळूहळू विरल्या. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. मग त्या गेल्या कुठे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, त्यातल्या बहुतेक तिथल्या तिथे मेल्या आणि खाल्ल्या गेल्या. सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी हे नेहमी बघते. अशा गाठीतून सुईने काढलेला थेंब काचेवर पसरून रंगवला, की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या दाटीत मधूनच एखादी ऐसपैस, फिकट भक्षक पेशी दिसते. तिच्या पोटातले गडद जांभळे कण म्हणजे मेलेल्या लिम्फोसाइटचे तुकडे.

जंतू ओळखलेली टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, भराभर दुणावते. जंतू संपले की वाढीचे रासायनिक संदेश आटतात आणि पेशीच्या आतलेच 'बिम' हे प्रथिन तिला मरणाकडे नेते. थोड्या पेशी पुढच्या वेळेसाठी उरतात.

पण काही पेशी पुन्हा पुन्हा चेतवल्या जातात. शरीराच्या स्वतःच्याच घटकांवर उलटलेल्या पेशींचे तसेच होते, कारण ते घटक कधी संपतच नाहीत. त्यांच्यासाठी पृष्ठभागावर 'फास' नावाचा रेणू असतो. शेजारच्या पेशीवरचा 'फास लिगँड' त्याला जुळला, की आत कॅस्पेस-८ आणि मग कॅस्पेस-३ ही कापणारी विकरे जागी होतात, प्रथिने कापली जातात, डीएनएचे तुकडे पडतात. पेशी फुटून सांडत नाही, आवरणासकट तिच्या पुड्या होतात. म्हणून आजूबाजूला दाह होत नाही. चेतवल्यावर पहिले काही दिवस मात्र हीच पेशी फासला दाद देत नाही. काम पुरे करायला तिला अवधी मिळतो. मला यात ही वेळ साधणेच सगळ्यात विलक्षण वाटते.

जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने १९९१ मध्ये फासचे जनुक वेगळे केले. हे जनुक बिघडलेली मुले १९९५ मध्ये ओळखली गेली. त्यांच्या गाठी आणि प्लीहा वर्षानुवर्षे सुजलेल्या राहतात, स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला होतो. आजार फार दुर्मिळ आहे.

तुमच्या मुलीच्या गाठी विरल्या, काळजी नको. पुढे कधी गाठ महिनाभर राहिली, टणक लागली किंवा गळ्याच्या हाडावर आली, तर मात्र तपासून घ्या; आपल्याकडे क्षयाची गाठही बहुधा मानेतच येते.